झाडावरचा बोकड

बंगालात कच्च्या फणसाला 'गाछपाठा' असे एक नाव आहे. गाछ म्हणजे झाड आणि पाठा म्हणजे बोकड. झाडावरचा बोकड! हे नाव प्रथम कोणत्या खट्याळ माणसाच्या तोंडून निघाले त्याची नोंद इतिहासात नाही. पण तो माणूस जेवणाऱ्यांपैकी होता आणि त्याच्या घरात त्या दिवशी बोकड शिजला नव्हता, एवढे अनुमान कोणीही करावे. त्याच बंगालात हरभऱ्याच्या डाळीच्या वड्या करून रश्श्यात सोडतात. त्या पदार्थाचे नाव 'धोकार दालना'. यातला धोका म्हणजे आपला ओळखीचाच धोका, अशी तिथली लोकसमजूत आहे. आणि याच्या उलट गंमत अशी, की कालीमातेपुढे बळी दिलेल्या बोकडाचे मांस कांदा-लसूण न घालता शिजवले, की त्याला 'निरामिष मांस' म्हणतात! एका चुलीवर भाजीला मांसाचे नाव, तर शेजारच्या चुलीवर मांसाला भाजीची सोवळी.

आपण बंगाल्यांना हसायचे कारण नाही. मी जुन्नर तालुक्यातला. आमच्याकडे पाहुणा आला, की मासवडी होते. मासवडीत मासा औषधालाही नसतो. बेसन फोडणीच्या पाण्यात घट्ट शिजवायचे, ओल्या फडक्यावर थापायचे, त्यात सुके खोबरे, तीळ, खसखस, लसूण, कोथिंबीर असे भाजलेले सारण भरायचे, फडक्यानेच गुंडाळी करून दोन्ही हातांनी दाबत तिला मासळीचा घाट आणायचा, आणि मग आडव्या वड्या कापून काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्याबरोबर बाजरीची भाकरी कुस्करून खायची. घाट माशाचा, नाव माशाचे, रस्सा मटणाचा आणि आत सगळा शेतमाल. आमच्या गावाला समुद्र कितीतरी कोस दूर. तरी मासा असा ताटात येतो.

हे सगळे आठवायला निमित्त झाले बेकनचे. बेकन हा शब्द आमच्या शाळेतल्या मुलांना दोनच ठिकाणी भेटतो. एक, फ्रान्सिस बेकन नावाचा निबंधकार. दुसरे, इंग्रजी गोष्टींतली न्याहारी. 'म्हणजे काय हो, सर?' असे दर वर्षी कोणीतरी विचारते. डुकराच्या पोटाचे किंवा पाठीचे मांस मिठात मुरवायचे, बहुधा लाकडाच्या धुरावर धुरवायचे, पातळ काप करायचे आणि तव्यावर त्याच्याच चरबीत कुरकुरीत होईपर्यंत परतायचे, ते बेकन. इंग्लंडात विल्टशायर परगण्यातले कॅन गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध होते. आता त्याच इंग्लंडात आणि अमेरिकेत हजारो घरांतून हे बेकन डुकराशिवाय करतात. कोणी खोबऱ्याच्या कापांचे, कोणी अळंबीचे, कोणी तांदळाच्या पापडाचे, कोणी आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे. आणि त्यांना दोन्ही बाजूंनी एकच टोमणा ऐकावा लागतो: मांस सोडलेत ना? मग त्याचे हे सोंग कशाला?

हा प्रश्न आजचा नाही. मी माझ्या परीने तो मागे मागे शोधत गेलो, तेव्हा ध्यानात आले, की माणसाने मांसाचे सोंग प्रथम स्वतःच्या ताटात आणलेच नाही. ते आणले देवाच्या ताटात.

ऐतरेय ब्राह्मणात एक विलक्षण कथा आहे. देवांनी यज्ञासाठी प्रथम मनुष्य घेतला. त्याच्यातले यज्ञाला योग्य असे जे सत्त्व, तो मेध, निसटला आणि घोड्यात शिरला. घोडा घेतला, तो बैलात गेला. बैलातून मेंढ्यात, मेंढ्यातून बोकडात, आणि शेवटी बोकडातून जमिनीत. देवांनी त्याचा पाठलाग केला, तेव्हा तो तांदूळ होऊन उगवला. म्हणून तांदळाच्या पिठाचा पुरोडाश अर्पण करणारा पशूच अर्पण करतो. ग्रंथकार एवढ्यावर थांबत नाही. भाताचे कुसळ म्हणजे पशूचे केस, तूस म्हणजे कातडे, पीठ म्हणजे मांस, अशी फोड करून तो एकेक अवयव जुळवून दाखवतो. पुढे तेराव्या शतकातल्या मध्वाचार्यांच्या अनुयायांनी यज्ञात जिवंत पशूऐवजी पिठाचा पशू, म्हणजे पिष्टपशू, हा पक्ष धरला. आपल्याकडे वास्तुशांतीला आणि नवरात्राच्या शेवटी कोहळा चिरतात, त्यामागेही हाच विचार आहे. कोहळ्याला बळी म्हणायचे, त्यावर कुंकू घालायचे, आणि एका घावात दोन तुकडे करायचे.

माझ्या गावापासून नाणेघाट लांब नाही. तिथल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. त्यात अश्वमेधासह कितीतरी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणांची यादी कोरली आहे. घाट चढून जुन्नरकडे यावे, तर त्या शहराभोवतीचे डोंगर बौद्ध भिक्षूंच्या लेण्यांनी पोखरलेले. इसवी सनापूर्वीच्या शतकांत आणि नंतरच्या दोन-तीन शतकांत याच वाटेने यज्ञ करणारे राजे आणि अहिंसा सांगणारे भिक्षू ये-जा करीत होते. पशू मारायचा की नाही हा वाद तेव्हा पोथीतला नव्हता. एकाच बाजारपेठेतल्या शेजाऱ्याशेजाऱ्यांचा होता.

या वादात सर्वांत कठोर निवाडा दिला तो जैन कवींनी. यशोधर राजाची कथा त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली आहे. सोमदेवसूरीने ती शके ८८१ मध्ये, म्हणजे इसवी सन ९५९ मध्ये, 'यशस्तिलक' या चंपूत संस्कृतात सांगितली. त्याच शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत पुष्पदंताने ती अपभ्रंशात गायिली. कथा अशी: उज्जयिनीचा यशोधर आपल्याला एक अशुभ स्वप्न पडल्याचे सांगतो. त्याची आई चंद्रमती म्हणते, देवीला पशू दे. राजा जीव मारायला तयार होत नाही. तेव्हा मायलेकांत तडजोड होते: पिठाचा कोंबडा करायचा आणि त्याचा बळी द्यायचा. तसे होते. आणि त्या पिठाच्या कोंबड्यापायी आई आणि मुलगा जन्मोजन्मी मोर, कुत्रा अशा योनींतून फिरतात, मारले जातात, मारतात. कारण हातात पीठ असले, तरी मनात सुरी खऱ्या कोंबड्याच्या मानेवर होती.

ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ऐतरेयाचा ऋषी म्हणतो, पीठ म्हणजे पशूच, म्हणून देव तृप्त झाला. जैन कवी म्हणतो, पीठ म्हणजे पशूच, म्हणून पाप लागले. दोघांचे साक्षीपुरावे एकच, निकाल मात्र उलटे! आणि दोघांच्या मध्ये आमची मासवडी.

ती मध्ये कशी आली ते सांगतो. माझ्या वडिलांनी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी माळ घातली. त्याआधी त्यांना मटणाशिवाय रविवार माहीत नव्हता. वारकऱ्यांत आमच्यासारखी खाणारी घरे पुष्कळ. माळ गळ्यात पडली, की वशाट बंद, हा नियम मात्र सर्वांना सारखा. वडिलांनी तो एका दिवसात पाळला. पण जीभ एका दिवसात माळ घालत नाही. रविवारी ते भाकरी मोडायचे आणि ताटाकडे बघत बसायचे. ते आईने पाहिले. ती बोलली काही नाही. पुढच्या रविवारी तिने तोच कांदा चुलीत भाजला, तेच खोबरे करपेपर्यंत परतले, तोच काळा मसाला काढला, आणि रश्श्यात मटणाऐवजी सुरणाच्या फोडी सोडल्या. त्याच्या पुढच्या रविवारी मासवडी. घरात वास तोच. वडील पोटभर जेवले. माझे चुलते दारातून ओरडले, 'दादा, माळ गळ्यात आणि रस्सा ताटात काय?' वडिलांनी मान वर केली नाही. तो टोमणा त्यांना लागला, हे मला लहानपणीही कळले होते. त्यांना उत्तर सुचले नाही, की त्यांनी दिले नाही, हे मात्र मला कळले नाही. मी त्यांच्या वतीने उत्तर शोधत या इतिहासात शिरलो, असे म्हटले तरी चालेल.

देवाच्या ताटातले सोंग माणसाच्या ताटात नीट उतरले ते चीनमध्ये. त्याला कारण आहे. हिंदुस्थानातला बौद्ध भिक्षू भिक्षेवर जगे. झोळीत पडेल ते त्याने खावे. मांस आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तरच ते वर्ज्य. ज्याला स्वतःची चूल नाही, तो पाककला कशी वाढवणार? चीनमध्ये विहारांना जमिनी मिळाल्या, मुदपाकखाने आले, आणि दाते तिथे जेवायला येऊ लागले. अशात लियांग घराण्याचा सम्राट वू गादीवर आला. त्याने इसवी सन ५०२ ते ५४९ राज्य केले. तो कडवा बौद्ध होता. त्याने भिक्षूंना मद्य-मांस सोडायला लावले, आणि ५१७ मध्ये आपल्या पूर्वजांच्या मंदिरातले पशुबळी बंद करून त्याजागी पिठाचे पशू ठेवायला सांगितले. हिमालयापलीकडे त्याने आपल्या पिष्टपशूचाच मार्ग काढला. राजा मात्र यशोधराहून निराळा: पीठ हे त्याच्या मते पापाचे नव्हते, पापातून सुटकेचे साधन होते.

पुढे चिनी लोकांनी या सोंगाचे शास्त्र केले. दहाव्या शतकातल्या ताओ कू याच्या टिपणवहीत एका कनिष्ठ अधिकाऱ्याची गोष्ट आहे. त्याने काटकसर म्हणून सोयाबीनच्या दुधाचे पनीर, म्हणजे तोफू, खाण्याची चाल पाडली, आणि लोक त्या तोफूला त्या अधिकाऱ्याचे छोटे बकरे म्हणू लागले. पुन्हा बंगाली फणसाचीच तऱ्हा! अकराव्या शतकातला शेन क्वो हा मोठा शास्त्रज्ञ. लोखंडात पोलाद कसे दडलेले असते हे सांगताना तो दाखला देतो तो कणकेचा: कणीक पाण्यात धूत जावी, धूत जावी, म्हणजे तिच्यातला चिवट गोळा उघडा पडतो. शास्त्रज्ञाने पोलाद समजावून सांगायला हा दाखला घेतला, तेव्हा तो गोळा घरोघरी ओळखीचा असला पाहिजे. गव्हातला हा चिवट अंश तळला, शिजवला, की मांसासारखा दाताखाली येतो.

आणि तेराव्या शतकात लिन होंग याने साध्या राहणीच्या लोकांसाठी लिहिलेल्या पाकपुस्तकात 'नकली तळलेले मांस' या नावाचा पदार्थच दिला आहे. दुध्यासारखे फळ आणि गव्हाचा चिवट गोळा, दोन्हींचे पातळ काप करायचे, परतायचे, मग कांद्याची पात, मिरे आणि मद्य घालून एकत्र करायचे. तो म्हणतो, दिसायला तर मांस आहेच, पण चवीलाही फरक कळत नाही. कळेल कसा? गव्हाचे काप तो तेलात तळायला सांगतो, आणि दुध्याचे काप चक्क प्राण्याच्या चरबीत! हे वाचून मला हसू आले, पण नंतर बरेही वाटले. लिन होंगला काही सोडायचे नव्हते. त्याला फक्त नक्कल साधायची होती. तेव्हा नक्कल करणारे सगळेच व्रतस्थ नसतात, आणि सगळेच ढोंगीही नसतात. काही नुसते सुगरण असतात.

चीनमधून ही विद्या जपानात गेली. १६५४ मध्ये इंगेन नावाचा चिनी भिक्षू नागासाकीला उतरला. क्योतोजवळच्या उजी येथे १६६१ मध्ये त्याने मांपुकूजी हा विहार स्थापला, आणि तिथल्या पंगतीत तोफूची बाम मासळी, कंदांचे मासे असे पदार्थ येऊ लागले. तोफूच्या एका तळलेल्या वड्याचे जपानी नाव आजही 'गानमोदोकी' आहे. त्याचा अर्थ रानहंसासारखे दिसणारे.

इथे आपल्या घरातल्या एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. उन्हाळ्यात आपल्या बायका कुरडया करतात. गहू तीन दिवस भिजवतात, वाटतात, आणि पिळून पिळून त्याचा पांढरा चीक काढतात. चीक शिजला, की सोऱ्यातून कुरडई उतरते. खाली उरतो तो चोथा. त्यात गव्हाचा कोंडा असतो आणि तो चिवट अंशही असतो. या चोथ्याच्या फार तर भुसवड्या होतात, नाहीतर तो गोठ्यात जातो. म्हणजे शेन क्वोने ज्याला पोलाद म्हटले ते आपण म्हशीला घातले आणि त्याने धुऊन टाकले ते उन्हात वाळवले! एकच गहू, एकच पाणी. चिन्यांनी गाळ धरला, आपण पाणी धरले. मारवाड-माळव्याकडे मात्र कणीक धुऊन तिच्या चिवट गोळ्याची रस्साभाजी करतात. तिला 'चक्की की सब्जी' म्हणतात. मांस न खाणाऱ्या घरांचा तो मानाचा पदार्थ आहे.

युरोपात सोंगाचे कारण आधी उपवास आणि मग भूक. ख्रिस्ती लोकांच्या लेंटच्या चाळीस दिवसांत मध्ययुगात मांसाबरोबर दूध-अंडीही वर्ज्य असत. मग श्रीमंतांचे आचारी बदामाचे दूध काढीत, आणि रिकाम्या अंड्याच्या कवचात बदामाचे सारण भरून लेंटची 'अंडी' वाढीत. अंड्याच्या कवचातून अंडे काढून त्यात अंड्याचे सोंग भरायचे, याहून मोठा खटाटोप कोणता?

भुकेची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीची नाकेबंदी झाली आणि शहरे उपाशी पडू लागली. कोलोन शहराच्या अन्नपुरवठ्याचे काम कोनराड आडेनॉवर याच्याकडे होते. हाच पुढे १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचा पहिला चॅन्सेलर झाला. त्याने मका, जव आणि तांदळाच्या पिठाचा पाव काढला, आणि मग सोयाबीनचे पीठ घालून सॉसेज बनवले. सॉसेज म्हणजे मसाला भरलेले मांसाचे नळकांडे. जर्मनीत त्याचे पेटंट मिळेना, कारण सॉसेजमध्ये मांस असलेच पाहिजे, असा तिथला नियम. शेवटी १९१८ मध्ये ते पेटंट त्याला मिळाले ते ब्रिटनमध्ये, म्हणजे ज्यांच्या आरमाराने जर्मनीचा घास अडवला होता त्या शत्रूच्या राज्यात! पंक्तीला बसलेल्या उपाशी माणसाला त्यात मांस किती, हे विचारायची शुद्ध नव्हती. विचारले ते सरकारी कचेरीने.

अमेरिकेत हे काम धर्म आणि वैद्यक यांच्या जोडीने केले. मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांचे आरोग्यधाम होते. त्याचा प्रमुख डॉक्टर जॉन हार्वे केलॉग हा मांसाचा कट्टर विरोधक. न्याहारीच्या पोह्यांमुळे त्याचे आडनाव आज आपल्याही दुकानांत पोचले आहे. त्याने १८९६ च्या सुमारास भुईमुगापासून 'नटोज' बनवले, आणि गव्हाचा चिवट अंश व भुईमूग मिळून केलेल्या दुसऱ्या पदार्थाचे पेटंट १९०१ मध्ये घेतले. तो 'प्रोटोज' या नावाने डबाबंद विकला जाई. सम्राट वूचे काम चौदाशे वर्षांनंतर एका डॉक्टरने पुढे चालवले. मसाला मात्र दोघांचा एकच: गहू.

दुसऱ्या महायुद्धात बेकनवरच पाळी आली. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० रोजी रेशन सुरू झाले, तेव्हा पहिल्या तीन जिनसांत लोणी आणि साखरेबरोबर बेकन होते. माणशी आठवड्याला चार औंस. शाकाहारी म्हणून नाव नोंदवणारे आपला मांसाचा वाटा सोडीत आणि त्याऐवजी त्यांना जास्त चीज मिळे. मेंढीचे मांस बेकनसारखे मुरवून 'मेकन' या नावाने विकण्याचाही प्रयोग झाला. हे रेशन संपूर्ण उठले ४ जुलै १९५४ रोजी. योगायोग असा, की त्याच्या पाचच दिवस आधी अमेरिकेत रॉबर्ट बॉयर याला एक पेटंट मिळाले होते. बॉयर हा हेन्री फोर्डच्या पदरी सोयाबीनपासून कापडाचा धागा काढण्याच्या खटपटीत असलेला माणूस. त्याला सुचले, की सोयाबीनचे प्रथिन विरघळवून बारीक छिद्रांतून सोडले आणि धागे काढले, तर ते धागे अंगावर घालण्यापेक्षा खायलाच बरे! मांसात जसे तंतू असतात तसे तंतू वनस्पतीत विणता येऊ लागले. १९६० च्या दशकात सोयाबीनचे लाल कुरकुरीत 'बेकनचे तुकडे' अमेरिकेच्या दुकानांत आले. आपल्या किराणा दुकानातल्या सोयाबीनच्या वड्या याच कुळातल्या; फक्त त्या धाग्यांनी विणलेल्या नसून यंत्राच्या दाबाने फुगवलेल्या असतात.

आता घरच्या बेकनकडे वळतो. माझी पुतणी इंग्लंडात एका रुग्णालयात परिचारिका आहे. ती मांस खात नाही. आजोबांची माळ तिने न घालताच पाळली आहे. सकाळच्या पाळीनंतर बरोबरीच्या मुली बेकन तळतात, त्यांच्या पंगतीला ही कोरडा पाव घेऊन बसे. मग एका मैत्रिणीने तिला युक्ती शिकवली. व्हिएतनामी लोकांचे तांदळाचे कागदासारखे पापड मिळतात. आपल्या तांदळाच्या फेण्यांचेच ते भावंड. दोन पापड एकावर एक ठेवून पाण्यातून काढायचे, म्हणजे चिकटतात. त्यांच्या लांब पट्ट्या कापायच्या. सोयाबीनचा खारट काळा अर्क, थोडे तेल, थोडा गोडवा, लाल मिरचीची पूड आणि धुराचा अर्क असे एकत्र करून दोन्ही अंगांना लावायचे आणि भट्टीत भाजायचे. पट्ट्या आक्रसतात, सुरकुततात, कडेला लाल-काळ्या होतात. तिने दूरध्वनीवर हे सगळे सांगितले आणि मग आवाज खाली आणून विचारले, 'काका, आजोबांना सांगू का? पाप तर नाही ना यात?'

मी लगेच उत्तर दिले नाही. आधी घरी करून पाहिले. आमच्या तालुक्यात तांदळाचे ते पापड कुठले. पण खोबऱ्याची वाटी आहे. सुक्या खोबऱ्याचे विळीवर लांब पातळ काप काढले. सोयाबीनचा अर्क चिनी खाद्यपदार्थांच्या गाड्यांमुळे आता वाण्याकडेही मिळतो. तो दोन चमचे, त्यात चमचाभर किसलेला गूळ, लाल तिखट आणि चिमूटभर मिरपूड असे काप चोळून ठेवले. धुराचा अर्क अमेरिकेत अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्याने १८९५ मध्ये बाटलीत भरून विकायला काढला. आपल्याला बाटली नको. लाल निखारा वाटीत ठेवला, वर तेलाचे दोन थेंब टाकले आणि भांडे झाकून पाच मिनिटे धुरी दिली. मग मंद तव्यावर काप कोरडे होईपर्यंत परतले. गूळ पटकन करपतो, म्हणून हात थांबू दिला नाही. गार झाल्यावर ते कुरकुरीत झाले. खारट, गोड, तिखट, धुरकट, आणि दाताखाली खोबऱ्याची चरबी.

खाता खाता एक गोष्ट उमगली. बेकनला आपण डुकराची चव म्हणतो. पण कच्च्या डुकराच्या मांसाला ती चव नसते. मीठ मांसातले पाणी ओढून घेते. मिठाबरोबरचे नायट्राइट त्याला तो गुलाबी रंग देते. लाकडातले लिग्निन जळताना जी द्रव्ये निघतात, त्यांचा तो धुरकट वास. आणि तापल्या तव्यावर प्रथिने व साखर एकमेकांत मिसळून जो खरपूसपणा येतो, त्याचे वर्णन फ्रेंच रसायनज्ञ मायार याने १९१२ मध्ये केले. यातले मीठ डुकराचे नाही, धूर डुकराचा नाही, तव्याची आच डुकराची नाही. डुक्कर तिथे होते ते चरबी आणि प्रथिन घेऊन. ओरेगॉनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये जाहीर केले, की समुद्रातले डल्स नावाचे लाल शेवाळ तळले तर बेकनची चव देते. शेवाळाला डुकराची गंधवार्ताही नाही. मग नक्कल कोणाची झाली? डुकराची नव्हे, माणसाच्या हाताची. आईच्या रश्श्याचेही तेच. तिने सोडले ते मटण. भाजलेला कांदा, करपवलेले खोबरे आणि काळा मसाला या तिच्या स्वतःच्या वस्तू होत्या. त्या सोडायला तिला कोणत्याही संताने सांगितले नव्हते.

मी ते खोबऱ्याचे काप वडिलांपुढे ठेवले आणि नातीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. त्यांनी एक काप तोंडात टाकला, सावकाश चावला आणि विचारले, 'यात जीव मेला का कुठला?' म्हटले, नाही. 'मग पोरीला म्हणावं, खा. माझ्या तुळशीला जीव गेल्याचं दुःख आहे, तिखट खाल्ल्याचं नाही.' थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, 'तुझी आई त्या रविवारी मासवडी करती ना, तर माझी माळ वर्षभरही टिकती ना.'

चाळीस वर्षांपूर्वीच्या टोमण्याचे उत्तर मला असे मिळाले. यशोधराच्या कथेशी ताडून पाहिले, तरी ते टिकते. यशोधराला कोंबडा मारायचा होता. पीठ ही त्याची पळवाट होती. माझ्या वडिलांना बोकड मारायचा नव्हता. सुरण ही त्यांची वाट होती. जैन कवीने मनाला आरोपी केले, ते योग्यच केले. पण मन तपासायचे तर ते दोन्हीकडे तपासावे. जीव घेण्याची इच्छा आणि चवीची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने आठवणीसकट सोडले तो थोर. पण ज्याला आठवण सोडवत नाही आणि तरी जो सुरी उचलत नाही, त्यालाही पंगतीत जागा असावी.

नाहीतर मग आपल्या एकादशीचे काय करायचे? एकादशीला तांदूळ वर्ज्य. म्हणून आपण वरी शिजवतो आणि तिला म्हणतो 'वरीचे तांदूळ'. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी थापतो, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा करतो, दाण्यांची आमटी करतो, आणि वर्ज्य केलेले सारे जेवण नावानिशी पुन्हा पानात आणतो. पंढरपुरापासून आमच्या गावापर्यंत कोणी कोणाला ढोंगी म्हणत नाही. पुतणीला मी कळवले आहे, की तिने ते पापडाचे बेकन निर्धास्त करावे. दिवाळीला घरी येईल तेव्हा तिने व्हिएतनामी पापड आणावेत. इकडे तिच्या आजीच्या हाताच्या फेण्या तयार आहेत, त्यांवर तो मसाला कसा चढतो ते पाहायचे आहे.